पास केलेली सुरई

कारखान्यात तिला सगळे फोडणीबाई म्हणत, आणि स्वयंपाकाशी त्या नावाचा काडीचाही संबंध नव्हता. भट्टीवरचा माल थंड होऊन आला की आधी हिच्या टेबलावर येई. फुलदाण्या, वाडगे, दिव्यांच्या हंड्या, पेपरवेट, काय वाटेल ते. टेबलावर दिव्याची एक पेटी होती. पेटीच्या तोंडावर एक काळसर काच बसवलेली, तशीच दुसरी हिच्या डोळ्यांसमोर, आणि दोन्हींच्या मधे वस्तू धरायची. काच सावकाश, नीट थंड झाली असेल तर तिथे ती काळीभोर आणि गप्प दिसते. घाईत थंड झालेली असेल तर आत ताण राहतो, आणि तो ताण रंगांनी बाहेर बोलतो. पिवळा, जांभळा, मोरपिशी. बघायला झकास, पण अशी वस्तू कधीतरी, कुणी बोटही लावलेलं नसताना, कपाटात बसल्या बसल्या फुटते.

म्हणून नियमच होता. नापास वस्तू तपासणाऱ्याने स्वतःच्या हाताने पिंपात फोडायची, आणि ज्याने बनवली त्याच्या देखत फोडायची. म्हणजे कुणी ती गुपचूप घरी नेणार नाही आणि आपल्या पाठीमागे काही काळंबेरं झालं असं कारागिरालाही वाटणार नाही. नियम बरा होता, पण पाळणाऱ्याच्या जिवाला घोर. कुणाचा दिवसभराचा घाम पिंपात ओतायचा आणि वर त्याच्या डोळ्यांत बघायचं. ही बघायची. शिव्या खायची, डबा खायची आणि परत टेबलावर बसायची.

जो कारागीर तिच्याकडून सगळ्यात जास्त माल फोडून घेई, त्यानेच तिला मागणी घातली. मित्रांनी त्याला वेड्यात काढलं. तो म्हणाला, "हिच्या हातून जे सुटेल ते जगात कुठेही टिकेल." लग्नाच्या बाजारात याहून कोरडं कौतुक कुणी ऐकलं नसेल, पण ती मात्र त्यावरच भाळली.

शिफ्ट संपताना भट्टीतल्या भांड्याच्या तळाशी थोडी काच उरायची. ती कारागिरांची. तिचं कुणी बदक करी, कुणी मासा, कुणी बायकोसाठी वाटी. हा माणूस तिचं काय काय करी ते सांगायला बसलं तर संध्याकाळ व्हायची. काळ्या काचेत पांढरी नागमोडी रेघ सोडलेला वाडगा, आत बुडबुड्यांची माळ अडकवलेला गोळा, कमळासारख्या ओठाची फुलदाणी. कौतुकाने घरी आणायचा आणि बायको पदर खोचून खिडकीशी उभी. कारखान्याने टाकून दिलेल्या दोन काळसर काचा तिने जपून ठेवल्या होत्या, त्यांच्यामधून घरचा मालही तपासला जाई. नापास झाला की मागच्या अंगणात, बादलीत. पोरं रडायची. हा खो खो हसायचा, आणि दुसऱ्या दिवशी तीच वस्तू पुन्हा करून आणायचा, पहिलीपेक्षा सरस.

असा तो संग्रह. दोन भिंती भरून फळ्या, आणि फळ्यांवर जे होतं ते सगळं फोडणीबाईच्या तडाख्यातून वाचलेलं.

आता तो माणूस राहिला नव्हता. कारखाना बंद पडून तिथे कुणाचं तरी गोदाम झालं होतं. तिच्या गुडघ्यांनी जिन्याशी कायमचं भांडण मांडलं होतं, म्हणून मुलगा तिला आपल्या फ्लॅटवर न्यायला बघत होता. फ्लॅटमधे नातवंडं, एक मांजर आणि भिंतीला चिकटून टीव्ही. काचेला तिथे जागा नव्हती. गावातल्या संग्रहालयाला बंद कारखान्याच्या आठवणीचं एक दालन करायचं होतं. त्यांनी सगळाच्या सगळा संग्रह मागितला. तिने हो म्हटलं. म्हटलं खरं, पण त्या दिवसापासून तिला धड झोप नव्हती, कारण मधल्या फळीवर सुरई होती.

निळी, उंच मानेची, पोटात हिरवट झाक. उन्हात ठेवली की भिंतीवर पाण्यासारखा उजेड हलायचा. घरात येणारा प्रत्येक जण आधी तिच्याकडे बघायचा. आणि याच सुरईपायी मायलेकींचं फाटलं होतं. बापाने ती लेकीच्या लग्नासाठी केली होती, तसं सगळ्यांसमोर बोलूनही दाखवलं होतं. लेक सासरी निघताना आईने मात्र सुरई फळीवरून हलू दिली नाही. "ती इथेच राहील," एवढंच. लेकीने बाळंतपणानंतर मागितली, बाप गेल्यावर मागितली. उत्तर तेच. मग लेकीने मागणं सोडलं, आणि येणंही. फोन यायचा, तोही तब्येत आणि हवामान एवढ्यापुरता.

संग्रहालयाच्या मॅडम यायच्या त्या सकाळी मुलाने खोकी, कागद आणि चिकटपट्टी आणून ठेवली, आणि वर बहिणीलाही बोलावलं. "निदान शेवटचं बघून तरी जा," असं तो फोनवर म्हणाला होता. पोरगा भाबडा. दोघींना एका खोलीत आणलं की सगळं सुरळीत होईल असं त्याला नेहमीच वाटत आलंय.

लेक आली ती दाराशीच बसली, पर्स मांडीवर धरून, बस पकडायची असल्यासारखी. आईने पाणी दिलं. तिने घेतलं.

"प्रवास बरा झाला?"

"झाला."

मॅडम मात्र मनमोकळ्या होत्या. प्रत्येक वस्तू दोन्ही हातांनी उचलत, तळ बघत, कागदात गुंडाळत. कामातल्या होत्या, ते फोडणीबाईच्या लक्षात आलं आणि तेवढ्यापुरतं बरंही वाटलं. एकेक फळी रिकामी होत चालली. रिकाम्या फळीवर तळाचे गोल ठसे उरत होते, धुळीत. म्हातारी खुर्चीवर बसून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. आता सांगावं, की आता? की सांगूच नये?

"आजी, आम्ही एरवी प्रत्येक वस्तू ताणासाठी तपासून घेतो बरं का," मॅडम म्हणाल्या, "पण हा सगळा माल तुमच्याच नजरेखालून गेलाय. फोडणीबाईंनी पास केलेलं आम्ही काय परत तपासायचं?" आणि हसल्या. "ही निळी सुरई मधोमध ठेवणार. खालून दिवा सोडायचा. शाळेतली पोरं अगदी काचेला नाक लावून बघतील."

खालून दिवा म्हणजे ऊब. आणि भोवती पोरांची नाकं.

"ती द्यायची नाही," ती म्हणाली.

मुलाने हातातली चिकटपट्टी खाली ठेवली. "आई, अगं सगळं ठरलंय ना? आता हे काय नवीन?"

"ती कुणालाच द्यायची नाही."

तेवढ्यात दाराशी पर्स खाली पडली. लेक उभी राहिली होती.

"कुणालाच म्हणजे? माझी आहे ती. बाबांनी माझ्यासाठी केली. तुझी नव्हतीच कधी, तर तू द्यायची नाही म्हणणारी कोण?"

"अगं, बस आधी," मुलगा म्हणाला.

"नाही बसणार. दादा, तुला सगळं मिळालं. आईसुद्धा तुझ्याकडेच येतेय. मी एक सुरई मागितली. एक! मला वाटायचं, आईचा जीव आहे तिच्यावर, राहू दे. पण आज ती परक्यांना दाखवायला चालली होती, आणि मला घरी न्यायला नको? मी काय इतकी वेंधळी आहे? मी तुझी कोण लागते, ते तरी सांग एकदा."

मॅडमनी "मी जरा बाहेर थांबते" म्हणून जिन्याची वाट धरली. शहाणी बाई.

म्हातारीने बोलायला तोंड उघडावं तर आधी नवऱ्याचं नाव पुढे येत होतं, आणि ते खाली पाडायला तिची जीभ धजत नव्हती. लेक तिच्याकडे बघत राहिली. मग तिने गळ्यातला रुमाल ओढून काढला, सरळ मधल्या फळीशी गेली आणि सुरई उचलली. लग्नानंतर पहिल्यांदा. सुरई छातीशी धरून ती क्षणभर तशीच उभी राहिली, आणि मग प्रवासात धक्का लागू नये म्हणून रुमालाचा बोळा करून सुरईच्या तोंडातून आत कोंबायला लागली. बोटात अंगठी होती.

"आत हात घालू नकोस!"

हा आवाज या घरात कुणी ऐकला नव्हता. भट्टीच्या घरघरीवरून पलीकडच्या टोकाला पोचणारा कारखान्यातला आवाज होता तो. लेक जागच्या जागी थिजली. मुलगा खोक्यावर आपटता आपटता वाचला.

"हलू नकोस. हात सावकाश बाहेर काढ. आत नख, अंगठी, काही लागू देऊ नकोस. हां. आता खाली ठेव. टेबलावर नको, गादीवर."

लेकीने ठेवली. "काय आहे त्यात?"

म्हातारी उठली. कपाटाच्या खणातून फडक्यात बांधलेल्या दोन काळसर काचा काढल्या. एक खिडकीला टेकवून मुलाच्या हातात दिली, दुसरी लेकीच्या. मधे स्वतः सुरई धरून उभी राहिली. इतकी वर्षं तिने हे पुन्हा बघायचं टाळलं होतं.

"बघ."

लेकीने डोळ्यासमोर काच धरली. सुरईच्या मानेभोवती पिवळा पट्टा पेटला होता, खांद्यावर जांभळा, आणि पोटाशी मोरपिशी रंग नुसता उकळत होता.

"आई," ती हळूच म्हणाली, "केवढं सुंदर आहे हे."

"हाच रोग आहे तिचा." म्हातारीने सुरई परत गादीवर आडवी ठेवली. "हिची अडचण अशी, की बाहेरून घाव सोसेल, पण आतून बारीकसा ओरखडा पडला की खेळ खल्लास. फुलं घालायला गेलीस, देठाबरोबर वाळूचा एक कण आत गेला, की हातातच स्फोट. तुझ्या घरी रांगतं पोर होतं. मी कशी देऊ?"

"मग सांगायचं ना!"

"काय सांगू? तुझ्या बापाने लेकीला दिलेली वस्तू नापास आहे म्हणून?"

मुलगा गादीच्या काठावर बसला. म्हातारी उभीच होती. एकदा बसली तर सांगणं पुरं होणार नाही, हे तिला ठाऊक होतं.

"तुझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी झाली ती. भट्टीतून काढलेला माल दुसऱ्या भट्टीत ठेवून हळूहळू थंड करावा लागतो. रात्रभर तरी. एवढ्या जाड मालाला त्याहूनही जास्त. तेवढा वेळ नव्हता. ह्यांनी ती मधेच बाहेर काढली, फडक्यात गुंडाळून धावत घरी आणली. मी खिडकीशी तपासली. पहिल्या नजरेत दिसलं. घरात पाहुणे, तू मेंदी सुकवत बसलेली, आणि हे समोर उभे, धापा टाकत. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि माझा हात उठला नाही. मी म्हटलं, पास."

"आणि बाबा?"

"गप्प राहिले. मला वाटलं, आनंदाने गप्प झालेत. त्यानंतर त्यांनी एकही वस्तू घरी आणली नाही. छाती भरते म्हणायचे, आता फुंकवत नाही. मी तेच खरं धरून चालले." तिने पदराने तोंड पुसलं. "जायच्या आधी, आजारपणात, इथेच या गादीवर पडून सुरईकडे बघत म्हणाले, ती मी अर्धी थंड काढली होती, मला काय कळत नव्हतं? तू फोडली असतीस ना, तर वऱ्हाड गेल्यावर मी परत केली असती. दहादा केली असती. पण तू पास केलीस, तेव्हाच मला कळलं, की आता तू मला कारागीर समजत नाहीस. माझी कीव करतेस."

तिने गादीवरची सुरकुती हाताने सारखी केली.

"असं म्हणाले," म्हातारी म्हणाली. "मी त्यांचा हात जपायला गेले आणि तोच मोडला. माझ्यामुळे तो माणूस थांबला, पोरांनो. छाती वगैरे काही नव्हतं."

मॅडम जिन्यावरून परत आल्या होत्या आणि दाराशी थांबल्या होत्या. किती ऐकलं होतं कुणास ठाऊक, पण डोळे ओले होते. त्या म्हणाल्या, "आजी, अशा वस्तूंसाठी आमच्याकडे सोय आहे. कापसाच्या पेटीत, वेगळ्या कोठारात ठेवू. दालनात मांडता येणार नाही, पण राहील."

"अंधारात?"

"अंधारात. पण सुरक्षित."

"चांगली कल्पना आहे," मुलगा लगेच म्हणाला. भांडण मिटवणारं काहीही त्याला चांगलंच वाटतं.

म्हातारीने मान हलवली. "बाकीचं सगळं खरं पास झालेलं आहे, मॅडम. एकूण एक. त्या माणसाचं कौशल्य त्या खोक्यांत आहे. त्यात ही एक खोटी गेली, तर उद्या कुणीतरी तपासेल आणि म्हणेल, म्हातारी नवऱ्याला सूट देत होती. मग बाकीच्यांची काय किंमत राहिली? मी आहे तोवर निकाल लावते. मी गेल्यावर ही कुणाच्या तरी हातात फुटेल."

"आता फोडून काय मिळणार, आई?" लेकीचा आवाज चढला. "परत करायला ते आहेत का?"

"नाहीत. हे मला माहीत नाही का?" म्हातारीही तडकली, आणि मग एकदम मऊ झाली. "पण कीव केली ती तेवढी मागे घेते. एवढंच माझ्या हातात आहे. तू नको म्हण, मी थांबते. वस्तू तुझी आहे. आता तूच सांग."

हे सोपं नव्हतं. इतकी वर्षं जी वस्तू मागून मिळाली नाही, ती आज हातात आली होती, आणि आली ती मोडायचं की ठेवायचं हे सांगण्यासाठी. लेकीने सुरई पुन्हा उचलली, या वेळी दोन्ही हातांनी, बाहेरून. खिडकीशी नेली. उजेड भिंतीवर हलला. दादा काहीतरी बोलायला गेला, तर मॅडमनी त्याला खुणेने गप्प केलं.

"चल," लेक म्हणाली.

मागच्या अंगणात त्यांनी बादली आणली. बादलीत ओली गोणी पसरली, सुरई तीवर उभी केली, वर जुनी जाड चादर धरायला मुलगा तयार राहिला. म्हातारीने चष्मा घट्ट केला, हातोडी घेतली आणि सुरईच्या पोटावर घाव घातला. टण्ण. नुसता आवाज. काचेला ओरखडाही नाही. तिने दुसरा घाव घातला, जरा जोरात. पुन्हा टण्ण.

"बघ! बघ कशी फुंकलीय," म्हातारी म्हणाली, आणि तिला हसू फुटलं, आणि हसता हसताच रडू. हातोडी खाली गेली. "नाही ग जमत मला. पहिल्यांदाही नाही जमलं."

लेकीने वाकून कुंडीतला एक बारीक खडा उचलला, आईच्या तळहातावर ठेवला, आणि आईचा हात मनगटाशी धरला. दोघींनी तो सुरईच्या तोंडावर नेला. मुलाने चादर पुढे केली. खडा सुटला. चादरीखाली नुसताच एक पसरट आवाज झाला, पानांचा ढीग खाली बसावा तसा. चादर उचलली तर गोणीवर निळा चुरा होता. नखाएवढासुद्धा तुकडा उरला नव्हता.

म्हातारी बादलीच्या काठावर हात टेकून उभी राहिली. लेक तिच्या शेजारी. मग म्हातारीच बोलली.

"तुला आधीच सांगितलं असतं, तर तू बापाला काय समजली असतीस? अडाणी? निष्काळजी?"

लेकीने मान हलवली. मग आईच्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, "माझ्यासाठी धावत आले होते, हे समजलं असतं."

म्हातारीने हे कधी त्या बाजूने बघितलंच नव्हतं. दोष झाकायला गेली, आणि त्याच्याबरोबर तो धावत आलेला माणूसही तिने लेकीपासून लपवून ठेवला होता. ती लेकीला घट्ट धरून अंगणात उभी राहिली, आणि वर खोलीत मॅडमनी हलक्या हाताने शेवटचं खोकं बंद केलं.